अळिंबीतील तंतुमय घटक आणि कर्करोग: ताटातली, सलाइनमधली आणि डब्यातली अळिंबी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचे वय ६४. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन दोन महिने झाले आहेत आणि केमोथेरपीच्या काही सायकल अजून व्हायच्या आहेत. अशातच एका नातेवाइकांनी ‘मशरूममधल्या फायबरने कर्करोगाच्या पेशी मरतात’ असे सांगून मशरूमच्या पावडरीचा महागडा डबा घरी आणून दिला आहे. खाद्य अळिंबीतील तंतुमय घटकांना खरोखरच कर्करोगविरोधी गुण आहेत का, असतील तर अळिंबी किती आणि कशी द्यावी, आणि हा डबा सुरू करावा का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी वीसहून अधिक वर्षे कर्करोगाच्या रुग्णांच्या आहाराचे काम करते आणि हा प्रश्न मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतेच. म्हणून उत्तर आधी सांगते. सर्जननी तंतुमय आहाराला परवानगी दिल्यानंतर अळिंबी नीट शिजवून, बारीक करून, भाजी म्हणून अवश्य द्यावी. डबा मात्र केमो संपेपर्यंत सुरू करू नये. अळिंबीच्या तंतूंवरचे संशोधन खरे आहे, गंभीर आहे आणि पन्नास वर्षांहून जुने आहे. अडचण अशी की शिरेतून दिलेले शुद्ध द्रव्य, तोंडावाटे दिलेले प्रमाणित औषध आणि जेवणातली भाजी या तीन अगदी वेगळ्या गोष्टींचे पुरावे एकत्र कालवून ते लोकांपुढे ठेवले जातात. एकीचे श्रेय दुसरीला देता येत नाही. वडिलांच्या ताटात काय वाढायचे हे ठरवण्यासाठी एवढा एक मुद्दा नीट उमगला तरी पुरेसे आहे.

पहिल्यांदा हे तंतू म्हणजे नेमके काय ते पाहू. ज्याला आपल्याकडे पूर्वी ‘चोथा’ म्हणत आणि आता सर्रास ‘फायबर’ म्हणतात, तो धान्य-भाज्यांमध्ये मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि पेक्टिन यांचा बनलेला असतो. अळिंबी ही वनस्पती नाही, ती बुरशी आहे, त्यामुळे तिच्या पेशीभित्तिकेची घडण निराळी असते. तिच्यात कायटिन असते, म्हणजे खेकडा आणि कोळंबीच्या कवचात असते तेच द्रव्य, आणि त्याला चिकटून बीटा-ग्लुकान नावाच्या लांबलचक शर्करासाखळ्या असतात. बीटा-ग्लुकान ओट्समध्ये आणि जवातही असते, पण तिथे साखळीतील ग्लुकोजचे कण ‘एक-तीन’ आणि ‘एक-चार’ अशा जोडांनी बांधलेले असतात, तर अळिंबीत मुख्य कणा ‘एक-तीन’ जोडांचा आणि त्यावर ‘एक-सहा’ जोडांच्या फांद्या असतात. जोडणीतला हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण शरीर या दोन रेणूंना वेगवेगळी वागणूक देते. आपल्या पांढऱ्या पेशींपैकी मॅक्रोफेज आणि डेंड्रिटिक पेशींच्या पृष्ठभागावर डेक्टिन-१ नावाचा ग्राही, म्हणजे ठरावीक रेणू ओळखून पकडणारे प्रथिन, असतो. तो २००१ साली बीटा-ग्लुकानचा ग्राही म्हणून ओळखला गेला. बुरशीचा संसर्ग झाला आहे हे शरीराला कळावे यासाठीची ती एक यंत्रणा आहे. अळिंबीतल्या बीटा-ग्लुकानची रचना संसर्ग करणाऱ्या बुरशीच्या भिंतीसारखीच असल्यामुळे ते या ग्राहीला चिकटते आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी जाग्या होतात. म्हणजे हे तंतू कर्करोगाच्या पेशींना थेट मारत नाहीत. नातेवाइकांनी सांगितलेल्या वाक्यातली पहिली चूक इथे आहे.

हा थेट न मारण्याचा मुद्दा प्रयोगातूनच पुढे आला. १९६९ साली जपानमध्ये गोरो चिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिटाके या अळिंबीतून लेंटिनान नावाचे शुद्ध बीटा-ग्लुकान वेगळे केले. उंदरांच्या अंगात सार्कोमा-१८० या गाठीच्या पेशी रुजवल्या होत्या. लेंटिनानची इंजेक्शने दिल्यावर त्या गाठी विरघळून गेल्या. पण ज्या उंदरांची थायमस ग्रंथी जन्मतःच काढून टाकली होती, म्हणजे ज्यांच्यात टी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशी नीट तयार होऊ शकत नव्हत्या, त्यांच्यात हा परिणाम नाहीसा झाला. त्यावरून लेंटिनानचे काम शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीमार्फत चालते हे स्पष्ट झाले. आणखी एक निरीक्षण मला नेहमी रुग्णांना सांगावेसे वाटते. शरीराच्या दर किलो वजनाला १ मिलिग्रॅमच्या आसपास मात्रा दिली असता उत्तम परिणाम दिसला, पण ती ८० मिलिग्रॅमपर्यंत वाढवल्यावर तो जवळजवळ नष्ट झाला. प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या द्रव्यांच्या बाबतीत ‘जितके जास्त तितके चांगले’ हा हिशेब लागू पडत नाही, आणि पावडरीचे चमचे दुप्पट करणाऱ्या घरांतून नेमके हेच विसरले जाते.

त्याच वर्षी टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातील इकेकावा यांच्या गटाने निरनिराळ्या खाद्य अळिंबींचे पाण्यातले अर्क याच सार्कोमा-१८० वर तपासले. शिटाके आणि एनोकी यांच्या अर्कांनी गाठीची वाढ सुमारे ८० टक्के रोखली, धिंगरीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) अर्काने सुमारे ७५ टक्के, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त विकल्या जाणाऱ्या पांढऱ्या बटन अळिंबीच्या अर्काने जेमतेम १३ टक्के. अळिंबीची जात बदलली की तंतूंची रचना आणि गुण बदलतात हे यातून दिसते. परंतु हे अर्क उंदरांना खाऊ घातलेले नव्हते, टोचलेले होते. शिवाय सार्कोमा-१८० ही रुजवलेली गाठ प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याला तुलनेने लवकर बळी पडते. माणसाच्या आतड्यात दहा-पंधरा वर्षे हळूहळू घडत गेलेला कर्करोग हे वेगळेच प्रकरण आहे.

टोचणे आणि खाणे यांतला फरक किती मोठा आहे हे एका साध्या हिशेबावरून लक्षात येईल. चिहारा यांच्या पद्धतीत २०० किलो ताज्या शिटाकेपासून सुमारे ३१ ग्रॅम लेंटिनान मिळत असे, म्हणजे १०० ग्रॅम ताज्या अळिंबीमागे साधारण १५ मिलिग्रॅम. पुढे १९८५ साली जपानमध्ये जठराच्या कर्करोगात केमोथेरपीच्या जोडीला लेंटिनान देण्यास मान्यता मिळाली तेव्हा त्याची मात्रा होती शिरेतून आठवड्याला सुमारे २ मिलिग्रॅम. वरवर पाहता एका वाटीभर शिटाकेत आठवड्याच्या औषधापेक्षा कितीतरी जास्त लेंटिनान आहे. तरीही ती वाटी खाऊन औषधाचा परिणाम मिळत नाही, कारण एवढा मोठा रेणू आतड्यातून जसाच्या तसा रक्तात शिरत नाही. कमी पडते ते प्रमाण नव्हे. तोंडावाटे खाल्लेला तंतू निराळ्या मार्गाने जातो आणि निराळे काम करतो.

शिरेतून दिलेल्या लेंटिनानचेही यश अमर्याद नव्हते. जुन्या चाचण्यांतील सुमारे ६५० रुग्णांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, जठराचा कर्करोग पसरलेल्या रुग्णांना केमोसोबत लेंटिनान दिल्यावर आयुष्य थोडे वाढल्याचे दिसले होते. पण पुढे नव्या केमोथेरपीच्या गोळ्यांसोबत लेंटिनान देऊन जपानमध्येच तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली, तेव्हा केवळ केमो घेणाऱ्यांपेक्षा लेंटिनान घेणाऱ्यांचे आयुर्मान वाढले नाही. मूळ उपचार सुधारला की जोडीच्या द्रव्याचा लाभ दिसेनासा होतो, असे कर्करोगशास्त्रात अनेकदा घडले आहे. १९८०च्या दशकातील आकडे आजच्या पत्रकावर छापणाऱ्यांनी ही पुढची गोष्टही छापायला हवी.

तोंडावाटे दिलेल्या औषधाची कथा अधिक आशादायक आहे, आणि तीही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ट्रामेटेस व्हर्सिकलर नावाची, मोराच्या पिसाऱ्यासारखी रंगीत पट्टे असलेली बुरशी कुजक्या लाकडावर वाढते. तिच्यापासून काढलेले, प्रथिनाशी जोडलेले बीटा-ग्लुकान म्हणजे ‘पीएसके’. त्याला जपानमध्ये १९७७ साली औषध म्हणून मान्यता मिळाली आणि ते दिवसाला ३ ग्रॅम या मात्रेत तोंडावाटे दिले जाई. १९९४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जठराच्या कर्करोगाची पूर्ण शस्त्रक्रिया झालेले २६२ रुग्ण होते. केमोसोबत पीएसके घेतलेल्यांपैकी ७३ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते, तर केवळ केमो घेतलेल्यांपैकी ६० टक्के. नंतर आठ चाचण्यांतील ८,००९ रुग्णांचा एकत्रित विचार केला असता मृत्यूची जोखीम सुमारे १२ टक्क्यांनी कमी दिसली, म्हणजे लाभ होता, पण पहिल्या चाचणीवरून वाटला तेवढा नव्हता. ही बुरशी चामड्यासारखी चिवट असते आणि भाजी म्हणून खाल्ली जात नाही. पीएसके हे ठरावीक वाणापासून, ठरावीक पद्धतीने काढलेले औषध होते. त्याच बुरशीचे नाव छापलेली बाजारातली कोणतीही पावडर म्हणजे पीएसके नव्हे.

आता आपल्या वडिलांशी थेट संबंध असलेल्या भागाकडे, म्हणजे आतड्याकडे येते. माझ्या मते अळिंबीच्या तंतूंचे खरे कार्यक्षेत्र हेच आहे आणि दुर्दैवाने जाहिरातीत त्याला सर्वांत कमी जागा मिळते. खाल्लेले बीटा-ग्लुकान आणि कायटिन लहान आतड्यात फारसे पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तिथले जीवाणू त्यातला काही भाग आंबवतात. या आंबवण्यातून अॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. त्यांपैकी ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचे मुख्य इंधन आहे, त्यांची सुमारे ७० टक्के ऊर्जा त्यातून येते. निरोगी पेशी ब्युटिरेट जाळून टाकते. कर्करोगाची पेशी मात्र साखरेवर जगायला शिकलेली असते, त्यामुळे तिच्यात ब्युटिरेट साचते, केंद्रकात जाऊन जनुकांची उघडझाप बदलते, वाढ थांबवते आणि पेशीला स्वतःहून मरायला लावते. हे प्रयोगशाळेतील पेशींवर वारंवार दिसले आहे. मात्र विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या उंदरांच्या एका जातीत ब्युटिरेटने पेशींची वाढ उलट वाढवल्याचेही आढळले आहे. म्हणून मी ब्युटिरेटला ‘औषध’ म्हणत नाही. निरोगी अस्तर राखण्याची ती एक नैसर्गिक व्यवस्था आहे.

न आंबलेला भागही उपयोगाचा असतो. तो पाणी धरून ठेवतो, मलाचे आकारमान वाढवतो, आतड्यातून पुढे सरकण्याचा वेळ कमी करतो आणि पित्ताम्लांना बांधून ठेवतो, त्यामुळे अस्तराला त्रासदायक द्रव्यांचा संपर्क कमी काळ होतो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३२ निरोगी व्यक्तींना दहा दिवस मांसाऐवजी बटन अळिंबी दिली असता मलाचे वजन वाढले आणि जीवाणूंचे प्रमाण बदलले, पण मलातील लहान साखळीच्या मेदाम्लांत फरक दिसला नाही. मला हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो, कारण ‘अळिंबी खाल्ली की ब्युटिरेट वाढते’ हे वाक्य आपण जितक्या सहज बोलतो तितके ते सहज सिद्ध होत नाही. आतड्याच्या भिंतीत प्रतिकारशक्तीच्या पेशींची ठाणी असतात, आणि यीस्ट व जवापासून मिळवलेले बीटा-ग्लुकान उंदरांना खाऊ घातल्यावर तिथल्या मॅक्रोफेज पेशींनी त्याचे तुकडे अस्थिमज्जेपर्यंत नेल्याचे दिसले आहे. माणसात हे किती घडते, त्यावर आहाराचा सल्ला बेतावा एवढा पुरावा हाती नाही, म्हणून मी तो बेतत नाही.

माणसांच्या मोठ्या समूहांत काय दिसते, हा पुढचा प्रश्न. जपानमधील मियागी आणि ओसाकी येथील ३६,४९९ पुरुषांचा सरासरी तेरा वर्षे मागोवा घेतला गेला. आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा अळिंबी खाणाऱ्यांत, ती क्वचितच खाणाऱ्यांच्या तुलनेत, प्रोस्टेटच्या कर्करोगाची जोखीम १७ टक्क्यांनी कमी होती. २०२१ साली सतरा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, त्यातही अळिंबी जास्त खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसला आणि हा संबंध स्तनाच्या कर्करोगात सर्वांत ठळक होता. परंतु त्यातले बरेचसे अभ्यास आजार झाल्यानंतर ‘पूर्वी काय खात होता’ असे विचारून केलेले होते, आणि आजारी माणसाची आठवण व निरोगी माणसाची आठवण सारखी नसते. याउलट अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी ६८,३२७ स्त्रिया आणि ४४,६६४ पुरुष यांचा २६ वर्षांपर्यंत पाठपुरावा केला, तेव्हा अळिंबी खाण्याचा आणि एकूण कर्करोगाचा काहीही संबंध आढळला नाही. दोन्ही निष्कर्ष शेजारीशेजारी ठेवले की एवढेच म्हणता येते की अळिंबी खाणे निर्धोक आहे, कदाचित हितकारक आहे, आणि तिच्यावर संरक्षणाची भिस्त ठेवता येत नाही. कॅलिफोर्नियात प्रोस्टेटचा कर्करोग परतल्याची रक्तातील खूण दिसलेल्या ३६ पुरुषांना बटन अळिंबीची पावडर दिली असता सुमारे एक-तृतीयांश जणांचा पीएसए, म्हणजे हीच रक्तातील खूण, काही प्रमाणात खाली आला, दोघांचा तर मोजता न येण्याइतका. तो पहिल्या टप्प्याचा, तुलनेचा गट नसलेला अभ्यास होता. पुढच्या संशोधनाला त्यातून दिशा मिळते, पण कोणाच्या उपचारात बदल करण्याइतका आधार मिळत नाही.

तंतुमय आहार आणि आतड्याचा कर्करोग यांच्या संबंधाबाबत मात्र आपण जास्त भक्कम जमिनीवर आहोत. युगांडात काम केलेले सर्जन डेनिस बर्किट यांनी १९७१ साली हा विचार जोरकसपणे मांडला. मध्यंतरी, २००० साली, दोन हजारांहून अधिक लोकांवरच्या एका चाचणीत तंतुमय आहाराने पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर येणाऱ्या लहान गाठी, पुन्हा होणे थांबले नाही, त्यामुळे या विचाराला धक्का बसला. पण नंतर युरोपातील दहा देशांतल्या पाच लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास आणि २०११ सालचे एकत्रित विश्लेषण यांतून, आहारात रोज १० ग्रॅम तंतू वाढले की मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम सुमारे १० टक्क्यांनी कमी असते, असे चित्र पुढे आले. आपल्या वडिलांसाठी याहून मोलाचा अभ्यास २०१८ सालचा आहे. आतड्याचा कर्करोग झालेल्या, पण तो शरीरात इतरत्र न पसरलेल्या १,५७५ रुग्णांत, निदानानंतर रोजचे तंतू दर ५ ग्रॅमने जास्त असताना त्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूची जोखीम सुमारे २२ टक्क्यांनी कमी दिसली, आणि हा संबंध धान्यातील तंतूंबाबत सर्वांत बळकट होता. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. तरीही माझ्या रुग्णांच्या ताटाची आखणी मी यावरूनच करते.

त्यामुळे प्रमाणाचा हिशेब स्पष्ट बोलला पाहिजे. ताज्या अळिंबीत सुमारे ९० टक्के पाणी असते. १०० ग्रॅम ताज्या बटन अळिंबीत साधारण १ ग्रॅम तंतू, धिंगरीत आणि शिटाकेत सुमारे सव्वादोन ते अडीच ग्रॅम. आपल्या ज्वारी-बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात मात्र १० ते ११ ग्रॅम तंतू असतात, म्हणजे ५० ग्रॅम पिठाच्या एकाच भाकरीतून ५ ग्रॅम मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सुचवले आहेत. ते केवळ धिंगरीतून मिळवायचे म्हटले तर रोज किलोहून जास्त धिंगरी खावी लागेल. म्हणून भाकरी, डाळी-उसळी, भाज्या आणि फळे हा पाया, आणि अळिंबी ही त्यात वेगळ्या जातीच्या तंतूंची भर. आतड्यातल्या जीवाणूंना जितके विविध प्रकारचे तंतू मिळतील तितके बरे असते, एवढ्यासाठी ती भर मला मोलाची वाटते.

आता वडिलांविषयी. आपल्या पत्रात पोटावर पिशवी आहे की नाही याचा उल्लेख नाही. लहान आतड्याचे तोंड पोटावर काढलेले असेल, म्हणजे इलिओस्टोमी असेल, तर अळिंबी ही मार्ग अडवू शकणाऱ्या पदार्थांपैकी एक मानली जाते आणि ती पिशवी बंद करून आतडे पूर्ववत जोडेपर्यंत टाळावी. न चावता गिळलेले अळिंबीचे तुकडे अडकून आतडे तुंबल्याची प्रकरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत, आणि ती बहुधा वयस्कर, दात कमी असलेल्या किंवा पोटाची आधी शस्त्रक्रिया झालेल्या लोकांची असतात. माझ्याही एका रुग्णाला, घरच्यांनी प्रेमापोटी दिलेल्या अख्ख्या वाळवलेल्या शिटाकेनंतर, असह्य पोटदुखीने रात्री रुग्णालयात आणावे लागले होते. चार दिवस सलाइनवर राहून ते विनाशस्त्रक्रिया बरे झाले, पण त्यांची पुढची केमो दोन आठवडे लांबली. तेव्हापासून मी ‘बारीक करून’ हे शब्द कागदावर अधोरेखित करून देते.

केमोच्या काळात कॅपेसिटाबीन किंवा इरिनोटेकानसारख्या औषधांनी जुलाब होत असतील तर त्या दिवसांत अळिंबी, भाकरी, उसळ, सालासकट फळे ही सगळीच बाजूला ठेवावीत आणि मऊ भात, मुगाचे पातळ वरण, उकडलेला बटाटा, केळे यांवर राहावे. तंतू चांगले असले तरी त्यांची वेळ असते. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना कच्ची किंवा अर्धवट शिजलेली अळिंबी मुळीच देऊ नये. तसेही कच्च्या बटन अळिंबीत अॅगॅरिटीन नावाचे नको असलेले द्रव्य असते आणि ते शिजवल्याने बरेच कमी होते, तर कच्च्या शिटाकेमुळे काहींच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखे चट्टे उठतात, आणि त्याला कारण लेंटिनानच मानले जाते. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात वारुळांवर उगवणारी रानअळंबी, किंवा विदर्भातल्या सात्या, या आपल्या खाद्यपरंपरेचा आनंदाचा भाग आहेत, पण उपचार चालू असेपर्यंत वडिलांना रानातली अळंबी देऊ नका. विषारी जातींतले यकृत निकामी करणारे विष शिजवूनही नष्ट होत नाही आणि केमो घेणाऱ्या यकृताला चुकीची ओळख परवडणारी नसते. शेतात वाढवलेली, खात्रीच्या उत्पादकाकडची धिंगरीच घ्यावी.

करण्याची पद्धत अशी ठेवा. धिंगरीचे देठाकडचे चिवट टोक काढून बाकीची अगदी बारीक चिरावी किंवा किसावी आणि झाकण ठेवून किमान पंधरा-वीस मिनिटे शिजवावी. सुटलेले पाणी टाकू नये, कारण बीटा-ग्लुकानचा विरघळणारा भाग त्यातच उतरतो. ते वरणात किंवा सूपमध्ये घालावे. कोवळा देठ फेकू नये, त्यातही तंतू भरपूर असतात. शिजवण्यापूर्वी तासभर अळिंबी उन्हात, पाकळ्यांची बाजू वर करून ठेवली तर तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होते, हा जाताजाता मिळणारा फायदा आहे. वडिलांना मूत्रपिंडाचा विकार असेल आणि पोटॅशियमचे पथ्य असेल तर मात्र प्रमाण आधी आपल्या आहारतज्ज्ञांना विचारून ठरवा.

राहिला तो डबा. माझी हरकत अळिंबीला नाही, डब्यात काय आहे हे न कळण्याला आहे. अनेक उत्पादनांत अळिंबीचे फळ नसून धान्यावर वाढवलेली बुरशीची जाळी धान्यासकट दळलेली असते. वेष्टनावर ‘पॉलिसॅकराइड ३० टक्के’ असे लिहिलेले असते, पण पॉलिसॅकराइड म्हणजे कोणतीही लांब शर्करासाखळी, आणि तांदळाचा स्टार्च हाही पॉलिसॅकराइडच आहे, त्यामुळे तो आकडा बीटा-ग्लुकानविषयी काहीच सांगत नाही. घरी एक ढोबळ परीक्षा करता येते. चमचाभर पावडर पाण्यात उकळून पूर्ण गार करा आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. मिश्रण निळे-काळे झाले तर तुम्ही अळिंबीच्या भावाने पीठ घेतले आहे. रंग बदलला नाही म्हणजे उत्पादन चांगले असे मात्र सिद्ध होत नाही. शिवाय ‘कर्करोग बरा करते’ असा दावा खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर करणे आपल्या देशात कायद्याने निषिद्ध आहे, आणि कर्करोगावरील उपायांच्या अशा जाहिरातींना १९५४च्या कायद्यानेही बंदी आहे. तसा मजकूर डब्यावर किंवा सोबतच्या पत्रकात असेल तर विक्रेत्याच्या इतर शब्दांवरही विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही.

उपचार चालू असताना जेवणातले तंतू आणि बाटलीतले पूरक यांविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. २०२१ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला चालना देणारे उपचार, घेणाऱ्या १२८ रुग्णांच्या आहाराची नोंद होती. ज्यांच्या आहारात तंतू पुरेसे होते त्यांचा आजार अधिक काळ आटोक्यात राहिला, पण दुकानातून आणलेल्या प्रोबायोटिक गोळ्यांनी तसा लाभ दिसला नाही. तो आजार वेगळा आणि उपचारही वेगळा, तरी जेवणातले तंतू आणि बाटलीतले पूरक यांत निसर्ग फरक करतो, एवढे त्यातून दिसते.

म्हणून पुढच्या भेटीला डब्याच्या चारही बाजूंचे फोटो सोबत न्या आणि ऑन्कॉलॉजिस्टना दाखवा. नातेवाइकांना वाईट वाटू नये म्हणून गुपचूप सुरू करणे, हा मी पाहिलेला सर्वांत नेहमीचा आणि सर्वांत टाळण्याजोगा प्रकार आहे, कारण पुढे यकृताच्या चाचण्या बिघडल्या तर दोष केमोचा की पावडरीचा हे डॉक्टरांना कळत नाही आणि नाइलाजाने केमोच थांबवावी लागते. सर्जननी तंतुमय आहाराला होकार दिल्यावर पहिल्या आठवड्यात शिजवलेल्या, बारीक केलेल्या धिंगरीचे दोन चमचे एक दिवसाआड वरणात द्या. पोट फुगले नाही, शौचाला नेहमीसारखे झाले, तर तिसऱ्या आठवड्यापर्यंत आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी कच्च्या वजनाने ५० ते ७५ ग्रॅम, इथपर्यंत जा. सोबत भाकरी मऊ करून, अर्धीपासून सुरुवात करून वाढवा आणि पाणी पुरेसे द्या. पोटात कळा येऊन उलटी झाली, किंवा वारा आणि शौच दोन्ही थांबले, तर घरगुती उपाय न करता त्याच वेळी रुग्णालयात जा.